घराची राखण

आमच्या नगर शहरांतील कोणत्याहि गल्लींतून आज सहज फेरी मारली, तर घरांच्या वळचणीखालीं एक नवी वस्तु दृष्टीस पडते. जेथें पूर्वीं घोड्याचा नाल ठोकलेला असे किंवा लिंबूमिरची टांगलेली असे, तेथें आतां एक काळें भिंग बसलेलें असतें. तें अखंड रस्त्याकडे पाहत असतें, आणि रात्रीं त्याच्या कडेनें तांबड्या ठिपक्यांचें एक कडें मंदपणें चमकतें. कांहीं वर्षांपूर्वीं ही वस्तु सराफाच्या पेढीवर किंवा बँकेंत काय ती दिसे. आज ती शाळामास्तरांच्या घरावर आहे, शेतांतल्या वस्तीवर आहे, कांद्याच्या चाळीवरहि आहे. तिला लोक कॅमेरा म्हणतात. जाणते लोक सीसीटीव्ही म्हणतात. आणि आमच्या शेजारच्या एक वृद्ध बाई तिला ‘तो वरचा डोळा’ म्हणतात. मला हें शेवटचें नांव सर्वांत योग्य वाटतें.

आमच्याहि घरावर असे चार डोळे आहेत. गेल्या पौषांत मागल्या अंगणांतून तांब्याचा एक हंडा नाहींसा झाला. हंडा आजीच्या माहेरचा होता आणि त्याच्या गळ्यावर तिचें नांव कोरलेलें होतें. रात्रीं आठ वाजतां माझ्या पत्नीनें त्यांतून पाणी घेतलें होतें. सकाळीं तो जागेवर नव्हता. त्या रात्रींचें चित्रण लावून पाहिलें, तों नऊ वाजून वीस मिनिटांनीं आमच्याकडे दहा वर्षें धुण्याभांड्याचें काम करणारी बाई हातीं मोठें गाठोडें घेऊन मागल्या दारानें जातांना दिसली. तिचें म्हणणें असें कीं, आपण रोजच्याप्रमाणें सातच्या आंत घरीं गेलों आणि गाठोडें जुन्या कपड्यांचें होतें. एका बाजूस तिचें बोलणें, दुसऱ्या बाजूस यंत्राचें चित्र. आम्हीं यंत्रावर विश्वास ठेवला. पुढें काय झालें तें शेवटीं सांगेन. येथें एवढेंच सांगावयाचें कीं, त्या प्रसंगानें मला घराच्या राखणीचा मागचा इतिहास चाळावयास लावलें, आणि नगर जिल्ह्याइतका या विषयास समृद्ध प्रदेश दुसरा क्वचितच असेल. २०२४ सालीं या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें; जुन्या कागदांतून मात्र तो अहमदनगर म्हणूनच भेटतो.

राखणीचा येथील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग अर्थात् किल्ल्याचा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमदानें हें शहर वसविलें, आणि हुसेन निजामशहाच्या कारकीर्दींत, १५६० च्या सुमारास, मातीच्या कोटाच्या जागीं आजचा दगडी वर्तुळाकार किल्ला उभा राहिला. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याच्या फौजेनें त्यास वेढा घातला व तटाखालीं सुरुंग खणले. तटावर रात्रंदिवस पहारे होते. परंतु जमिनीखालीं काय चाललें आहे हें एकाहि पहारेकऱ्यास दिसलें नाहीं. ती बातमी मोंगलांच्या छावणींतूनच एका माणसानें आंत पोंचविली. चांदबिबीनें तांतडीनें खणवून कांहीं सुरुंगांतील दारू काढविली. एक सुरुंग मात्र उडाला आणि तटास मोठें खिंडार पडलें. तेव्हां ती स्वतः तरवार घेऊन खिंडारांत उभी राहिली, आणि रातोरात तें बुजविण्यांत आलें. चार वर्षांनीं दुसरा वेढा पडला. या वेळीं तिनें तहाचें बोलणें काढतांच ती फितूर झाली असा आंतल्याच लोकांचा ग्रह झाला, आणि १६०० सालीं त्यांनींच तिला ठार केलें. थोड्याच दिवसांत किल्ला मोंगलांच्या हातीं गेला. पहिल्या वेढ्यांत एका माणसाच्या शब्दानें किल्ला तारला. दुसऱ्यांत संशयानें तो बुडविला. तट दोन्ही वेळां तोच होता.

किल्ल्याची ही विद्या लहान प्रमाणांत वाड्यांत उतरली. पारनेर तालुक्यांतील जामगांवीं महादजी शिंद्यांचा वाडा आहे. श्रीगोंद्यासहि शिंदे घराण्याच्या खुणा आहेत. अशा वाड्यांपुढें उभें राहिलें म्हणजे प्रथम ध्यानांत येतें तें हें कीं, त्यांस बाहेर पाहण्याची फारशी हौस नाहीं. खालच्या मजल्याच्या भिंती बहुधा निव्वळ दगडी. खिडक्या असल्याच तर उंच व अरुंद. मोठा दरवाजा वर्षांतून चार वेळां उघडावयाचा. एरवीं त्यांतल्या दिंडींतून वांकून जावयाचें. वांकलेल्या माणसास हात उगारतां येत नाहीं हा त्यांतील हिशेब. दरवाजामागें भिंतींत सरकणारा अडसर आणि आंत शिरतांच पहारेकऱ्याची देवडी. धान्य पेवांत किंवा बळदांत, दागिने भिंतींतल्या कोनाड्यामागें. या सर्व रचनेचा हेतु चोर ओळखावा हा नव्हता. त्यास उशीर व्हावा एवढाच होता. मधल्या वेळांत देवडीवरचा माणूस जागा होईल असा भरंवसा होता. सारी भिस्त शेवटीं माणसावरच.

सामान्य कुणब्यास मात्र ना तट ना देवडी. त्याचें घर म्हणजे चार मातीच्या भिंती आणि धाबें. त्याची राखण गांव करी. गांवकूस, वेस, आणि वेशीवर वेसकर. हें काम महारांकडे असे. वेस सांजेस लावणें, पहाटे उघडणें, परका माणूस कोठून आला व कोठें उतरला हें पाटलास कळविणें, शिवेच्या खुणा जाणणें, हें सर्व त्यांच्याकडे. कोठें हेंच काम रामोशी करीत, उत्तरेकडील तालुक्यांत भिल्ल करीत, अकोल्याच्या डोंगरांत महादेव कोळ्यांचे नाईक घाटवाटा राखीत. रात्रीं काठी आपटीत हिंडणाऱ्यास जागल्या म्हणत. आपल्या भाषेंत राखणदारास ‘पाहणारा’ असें नांव न पडतां ‘जागणारा’ असें पडलें, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

या व्यवस्थेंतील जबाबदारी कशी होती हें माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखासंबंधीं १८१९ सालीं लिहिलेल्या अहवालांत नमूद केलें आहे. चोरी झाली कीं जागल्यानें पावलांचा माग काढावयाचा. माग दुसऱ्या गांवच्या शिवेंत गेला असें दाखवून दिलें कीं त्या गांवच्या जागल्यानें तो पुढें न्यावयाचा. ज्या गांवापर्यंत माग स्पष्ट गेला आणि तेथेंच थांबला, त्या गांवानें चोरीचा ऐवज भरून द्यावयाचा. जागल्याची ऐपत नसेल तेथें बाकीची रक्कम गांवावर बसवावयाची. म्हणजे एका घराची चोरी ही सबंध गांवाची आंच होती. शेजाऱ्याच्या दारांतील कुत्रें कां भुंकतें हें पाहण्यांत प्रत्येकाचा स्वार्थ होता.

या सेवेचा मोबदला बलुत्याच्या व इतर हक्कांच्या रूपानें मिळे. नगर जिल्ह्यांतील गांवकामगारांच्या अशा परभारा हक्कांची चौकशी गुडाइन नांवाच्या अधिकाऱ्यानें केली, आणि त्याचा अहवाल मुंबई सरकारच्या दप्तरांतून १८५२ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें त्र्यंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ च्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथांत याच व्यवस्थेचें मराठींत सविस्तर वर्णन केलें. हे ग्रंथ वाचून पुष्कळांस जुन्या गांवाची हळहळ वाटते. ती अगदींच अस्थानीं नाहीं. पण एक गोष्ट विसरून चालत नाहीं. जो वेस राखी त्याचें स्वतःचें घर वेशीबाहेर असे. गांवाची दारें लावणाऱ्यास त्या दारांच्या आंत वस्ती नव्हती. रात्रभर ज्याच्या जागण्यावर सर्वांनीं विसंबावयाचें, त्यास दिवसां पाणवठ्यावर येऊं द्यावयाचें नाहीं. डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत वतन कायद्याच्या दुरुस्तीचें विधेयक आणलें तें याच दास्यावर बोट ठेवून. महारवतनांसारखीं कनिष्ठ गांवकीचीं वतनें रद्द करणारा कायदा यावयास मात्र १९५८ साल उजाडलें.

इंग्रजी अमलांत या राखणदारांवर दुसरेंच संकट आलें. नव्या पोलीस व्यवस्थेंत त्यांचे हक्क व मुशाहिरे तोडले गेले, आणि जे काल गांव राखीत होते ते आज बेकार झाले. उमाजी नाईकाचें बंड, आणि पुढें अकोल्याच्या डोंगरांतील राघोजी भांगऱ्याचें बंड, यांच्या मुळाशीं हें एक मोठें कारण होतें. उमाजीस १८३२ सालीं पुण्यास फांशी देण्यांत आलें. राघोजीस २ मे १८४८ रोजीं ठाण्यास. यानंतर सरकारची दृष्टि अशी झाली कीं, राखणाऱ्या जातीच मूळच्या चोरट्या. १८७१ सालीं उत्तर हिंदुस्थानांत गुन्हेगार जातींचा कायदा झाला. १९११ च्या कायद्यानें तो सर्व प्रांतांत लागू करतां येऊं लागला. ज्या जमातीवर तो बसे तिच्या माणसांनीं नांवें नोंदवावयाचीं, बोटांचे ठसे द्यावयाचे, ठरल्या वेळीं हजेरी द्यावयाची, परवान्याशिवाय गांव सोडावयाचें नाहीं. कोठें चोरी झाली कीं प्रथम हजेरीचा कागद पाहावयाचा. ज्याची खूण चुकली तो चोर. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला. संशय मात्र कायद्याबरोबर रद्द होत नसतो. पारधी वस्तीवर रात्रीं अपरात्रीं पडणाऱ्या थापा आमच्या जिल्ह्यांतील लोकांस अपरिचित नाहींत.

या सर्व इतिहासास अपवाद म्हणून ज्या एका गांवाकडे बोट दाखविण्यांत येतें, तें नेवासें तालुक्यांतील शनि शिंगणापूर. येथें घरांस दारें नाहींत. चौकट आहे, तींत पडदा आहे, कुत्रें शिरूं नये म्हणून एखादी फळी आडवी लावलेली आहे. पण कडी नाहीं, कुलूप नाहीं. उघड्या चौथऱ्यावर काळी शिळा आहे. देवासहि गाभारा नाहीं, छप्पर नाहीं. शनिदेव राखण करतो, चोरास तो शासन करतो, अशी श्रद्धा. २०११ सालीं युको बँकेनें येथें शाखा काढली ती काचेच्या दाराची व दर्शनी कुलुपाशिवाय. याचा देशभर बोलबाला झाला. परंतु २०१० व २०११ सालींच तेथें यात्रेकरूंच्या ऐवजाच्या चोरीच्या तक्रारी नोंदल्या गेल्या, आणि २०१५ च्या सप्टेंबरांत गांवांत पोलीस ठाणें आलें.

त्याच वर्षीं नोव्हेंबरांत एक वेगळीच गोष्ट घडली. एका स्त्रीनें चौथऱ्यावर जाऊन देवास तेल वाहिलें. स्त्रियांस तेथें मज्जाव होता. कॅमेऱ्याच्या चित्रणांतून तो प्रकार बाहेर आला, पहाऱ्यावरचे कर्मचारी निलंबित झाले, चौथरा दुधानें धुण्यांत आला. पुढें १ एप्रिल २०१६ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें स्त्रियांस मंदिरप्रवेशाचा हक्क असल्याचें स्पष्ट केलें, आणि ८ एप्रिल रोजीं, गुढीपाडव्यास, देवस्थाननें चौथरा सर्वांस खुला केला. ज्या गांवीं घरांस दार नाहीं तेथें बसलेल्या डोळ्यानें चोर नव्हे, तर भक्त पकडला. डोळा बसविणारा ज्यास चोर समजतो, तोच डोळ्यास सांपडतो. हें सत्य इतक्या उघडपणें दुसऱ्या कोठें क्वचितच दिसेल.

आतां या डोळ्याच्या कुळाकडे वळूं. दूर अंतरावरील दृश्य तारेनें आणून पाहण्याची सोय आरंभीच्या काळांत युद्धाच्या कामीं आली. १९४२ सालीं जर्मनींत पेनेम्युंड येथें अग्निबाण उडविले जात असतां तें सुरक्षित अंतरावरून पाहतां यावें म्हणून वाल्टर ब्रूख या अभियंत्यानें ती बसविली. घराच्या दारावर मात्र ती आणली एका परिचारिकेनें. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन ही न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांत राहणारी कृष्णवर्णीय स्त्री. तिच्या कामाच्या वेळा अवेळीं, नवऱ्याच्याहि तशाच. वस्तींत गुन्हे वाढलेले, आणि पोलीस बोलावल्यास लौकर येत नसत. म्हणून नवरा आल्बर्ट याच्या साह्यानें तिनें अशी योजना केली कीं, दारांतील निरनिराळ्या उंचीच्या भोंकांतून कॅमेऱ्यानें पाहावें, आंत पडद्यावर माणूस दिसावा, त्याच्याशीं बोलतां यावें, आणि कळ दाबून दार उघडतां यावें किंवा मदत मागवितां यावी. १९६६ सालीं तिनें अर्ज केला व २ डिसेंबर १९६९ रोजीं तिला पेटंट मिळालें. ज्यांची राखण कोणी करीत नव्हतें अशांनीं स्वतःसाठीं शोधलेला हा डोळा आहे, ही गोष्ट त्याच्या बाजूनें सांगितली पाहिजे.

आमच्या जिल्ह्यांतहि त्याचे उपकार आहेत. अकोल्याच्या उसाच्या रानांत वन्यजीव अभ्यासकांनीं पाऊलवाटांच्या कडेनें आपोआप चित्र घेणारे कॅमेरे बांधले. त्यांचा निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाला तो असा कीं, भर वस्तीच्या त्या मुलुखांत दर शंभर चौरस किलोमीटरांस सुमारें पांच प्रौढ बिबटे आणि तितकेच तरस नांदत आहेत. जागल्याच्या माग काढण्याच्या विद्येचेंच हें नवें रूप. आज वस्तीवरचा शेतकरी पहाटे मोटार चालू करण्यास बाहेर पडण्यापूर्वीं फोनवर अंगण पाहतो, तो चोराच्या भीतीनें नव्हे.

परंतु हा डोळा लावला म्हणजे राखण झाली, ही समजूत चुकीची आहे. वेसकराप्रमाणेंच त्याचेहि स्वभाव ओळखावे लागतात. अंधारांत तो दिसतो तो आपल्याच कडेनें मानवी दृष्टीस जवळजवळ अदृश्य असा अवरक्त प्रकाश टाकून. हा प्रकाश जवळच्या पांढऱ्या भिंतीवर किंवा पन्हाळीवर पडला तर उलटून येतो आणि दूरचें सर्व काळें दिसतें. भिंगापुढें कोळ्यानें जाळें विणलें तर रात्रीं पडदाभर पांढरे धागे हालतात. म्हणून दिवाळींत घर झाडतांना डोळाहि पुसावा. फार उंच लावल्यास चोराची टोपी दिसते, तोंड दिसत नाहीं. आठदहा फुटांची उंची बहुधा पुरते. पूर्वपश्चिम तोंड केल्यास उगवतां मावळतां सूर्य त्यास आंधळा करतो.

पुष्कळांची तक्रार असते कीं, कॅमेरा दिवसभर नीट चालतो आणि रात्रीं बंद पडतो. यांत भुताटकी नसते. रात्रीं अवरक्त दिवे लागले म्हणजे विजेची ओढ वाढते, आणि तार लांब व बारीक असेल तर पोंचणारा दाब अपुरा पडतो. जाड तार घातली, किंवा वीजपुरवठा जवळ आणला, कीं दोष जातो. वीज गेली कीं डोळा मिटतो हें तर उघडच. नुसत्या कॅमेऱ्यास बॅटरी देऊन भागत नाहीं, चित्रण सांठविणाऱ्या पेटीसहि ती द्यावी लागते, आणि फोनवर पाहावयाचें असल्यास इंटरनेटच्या पेटीसहि.

सांठवणीचाहि हिशेब आहे. एका डोळ्याचें चित्रण सेकंदास दोन मेगाबिट या मानानें धरल्यास चार डोळ्यांस एका अहोरात्रांत सुमारें ८६ जीबी जागा लागते; म्हणजे एक टीबीची हार्डडिस्क अकराबारा दिवसांत भरते. पुढें ती नवें लिहिण्यासाठीं जुनें पुसूं लागते, तेंहि कोणास न विचारतां. शिवाय पेटीस किल्ली म्हणून जो पासवर्ड कारखान्यांतून मिळतो, तो सर्व जगास ठाऊक असतो. २०१६ सालीं मिराई नांवाच्या एका दुष्ट आज्ञावलीनें अशा न बदललेल्या पासवर्डांचा लाभ घेऊन असंख्य कॅमेरे व पेट्या आपल्या ताब्यांत घेतल्या, आणि २१ ऑक्टोबर रोजीं त्यांच्या जोरावर अमेरिकेंतील मोठमोठीं संकेतस्थळें कांहीं तास बंद पाडलीं. राखणदारच दुसऱ्याच्या चाकरींत गेला, आणि घरधन्यास पत्ताहि नव्हता.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट घड्याळाची. चित्रावर जी वेळ उमटते तिच्यावर साक्षीचा सारा भार असतो. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीचा खटला याच मुद्द्यावर गाजला. उमेदवारी अर्ज दुपारीं तीनच्या आंत आला कीं नंतर, हें निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरींतील चित्रणावरून ठरवावयाचें होतें. १४ जुलै २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांत असा निर्वाळा दिला कीं, मूळ यंत्र न्यायालयापुढें न आणतां त्याची नक्कल द्यावयाची असेल तर तिच्याबरोबर कायद्यानें सांगितलेलें प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमांतहि ही अट आहे. न्यायालय यंत्राचा शब्द घेण्यापूर्वीं यंत्राबद्दल माणसाची जबानी मागतें. घराघरांतून आपण जे खटले चालवितों, त्यांत ही अट कोणी पाळत नाहीं.

आम्हींहि पाळली नाहीं. हंडा गेल्यावर पंधरवड्यानें एक डोळा बिघडला म्हणून कारागीर आला. पेटी उघडून पाहतांच तो म्हणाला, “तुमचं घड्याळ अडीच तास पुढं आहे.” कांहीं दिवसांपूर्वीं मीच पासवर्ड विसरलों होतों, तेव्हां दुकानच्या मुलानें पेटी कारखान्यांतून आल्यासारखी मूळ स्थितीवर नेली होती. पेटी चीनमध्यें बनलेली. तिनें इंटरनेटवरून वेळ घेतली ती चीनची, आणि चीनचें घड्याळ आपल्यापेक्षां अडीच तास पुढें असतें. चित्रावर नऊ वीस उमटले होते. खरी वेळ सहा वाजून पन्नास मिनिटें. पौषांत त्या वेळीं अंधार पडलेला असतो, म्हणून चित्र पाहून कोणास शंका आली नाहीं. बाई सांगत होती तसेंच, सातच्या आंत, ती गेली होती. गाठोडें आमच्या वहिनींनीं दिलेल्या जुन्या कपड्यांचें होतें. वहिनी दुसऱ्या दिवशीं पहाटेच पुण्यास गेल्या. फोन करून त्यांस विचारावें हेंहि आम्हांस सुचलें नव्हतें. हवा होता तो माणूस चित्रांत दिसतांच आम्हीं पाहणें थांबविलें होतें. तसेंच तासभर पुढें पाहत गेलों असतों, तर साडेदहाच्या आंकड्याखालीं माझी पत्नीच त्या हंड्यांतून पाणी घेतांना दिसली असती, आणि त्यानंतर खरा चोरहि दिसला असता. आतां तें चित्रण पेटीनें केव्हांच पुसून टाकलें होतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघें तिच्या घरीं गेलों. तिनें बसावयास चटई टाकली, चहा केला. मीं घड्याळाची हकीकत सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “दादा, घड्याळ चुकलं म्हणता, ते खरं असंल. पर मी दहा वर्सं येत व्हते.” आणखी ती कांहींच बोलली नाहीं. ती पुन्हां कामावर आली नाहीं, आणि आम्हीं आग्रह करण्याचें धाडसहि केलें नाहीं. तिच्यावर आळ आल्याचें गल्लींत कळलें होतें. तो खोटा ठरल्याचें तितक्याच लोकांस कळलें असेल असें मला वाटत नाहीं.

हजेरीच्या कागदावरील खुणेवरून चोर ठरविणाऱ्या अधिकाऱ्यांस मीं आयुष्यभर नांवें ठेवलीं. माझ्या घरीं मीं त्याहून वेगळें काय केलें? तो कागद निदान माणसानें लिहिलेला असे आणि त्यावर माणसाची सही असे. वेशीबाहेर राहून वेस राखणाऱ्याप्रमाणेंच, आपलें घर ज्यांच्या हातांनीं चालतें त्यांच्यावरच आपला पहिला डोळा वळतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानें केवळ घरगुती कारणासाठीं एखाद्या व्यक्तीनें केलेला असा वापर आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. युरोपच्या न्यायालयानें मात्र ११ डिसेंबर २०१४ रोजीं ठरविलें कीं, घरावरचा कॅमेरा सार्वजनिक रस्ता टिपूं लागला कीं तो निव्वळ घरगुती राहत नाहीं. आपल्याकडे तूर्त ही मर्यादा घरधन्यानेंच स्वतःवर घालून घ्यावयाची आहे.

जुनें गांव परत यावें असें मला वाटत नाहीं. त्याच्या राखणींत अन्याय मुरलेला होता. पण त्यांतील एक सूत्र घेण्याजोगें आहे. जागल्या चोर दाखवूं शकला नाहीं तर स्वतः भरून देण्यास बांधलेला असे. आपला वरचा डोळा कशासहि बांधलेला नाहीं. तो चुकला तर त्याची भरपाई दुसऱ्याच कोणास करावी लागते. आज नगर, पुणें, नाशिक या भागांतील अनेक गांवांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. संकटाच्या वेळीं एका क्रमांकावर बोललेले शब्द गांवांतील सर्व फोनांवर एकदम वाजतात, आणि लोक काठ्या घेऊन बाहेर पडतात. यंत्र तेथेंहि आहेच. पण त्याचें काम माणसांस जागें करण्याचें आहे, त्यांच्याऐवजीं जागण्याचें नाहीं.

आमच्या घरावरचे चार डोळे मीं काढलेले नाहींत. शेजारच्या खिडकीकडे पाहणारा एक मात्र वळवून आमच्याच उंबऱ्यावर आणला आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस मी पेटीचें घड्याळ मनगटावरील घड्याळाशीं ताडून पाहतों, भिंगें पुसतों, मागील आठवड्याचें चित्रण खरोखर उमटलें आहे कीं नाहीं तें तपासतों. नवीन कोणी कामावर आल्यास डोळे कोठें आहेत तें प्रथम दाखवितों. अंगणांत हंड्याची जागा अजून रिकामीच आहे. त्या जागीं दुसरा हंडा ठेवावा असें घरांत कोणी सुचविलेलें नाहीं.